दोन पंचमांश

दुसरं लग्न करून, आपल्या लेकीला सोबत घेऊन ती या घरात आली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी अजूनही तिला काकूच म्हणायची आणि कामापुरतंच बोलायची. आज मात्र पोर आपणहून गणित विचारायला स्वयंपाकघरात आली, तशी गॅस बंद करून ती तिच्याजवळ बसली.

अर्धा अधिक एक तृतीयांश. पोरीने वरचे आकडे वर मिळवले होते, खालचे खाली, आणि उत्तर काढलं होतं, दोन पंचमांश.

तिने कागदाची एक पट्टी बरोबर मधोमध कापून समोर ठेवली. "हे बघ बाळा, एवढं अर्धं तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. त्यात आणखी तिसरा हिस्सा आला. आणि तुझं उत्तर अर्ध्याहूनही कमी! भर पडल्यावर कमी कसं होईल, सांग बरं?"

पोरीने पट्टीचा एक तुकडा उचलला. मग पाढा म्हणावा तशा सपाट आवाजात म्हणाली,

"होतं ना, काकू. तुम्ही दोघी आलात, आणि माझ्या वाट्याला बाबा कमीच आले."