छापील गत

सन १८८८. ठाण्यात त्र्यंबकराव बँड चालवायला शिकवत. काठी हलवून पंधरा वादकांना एका तालात न्यायचं, एवढंच शिकायला चार जण येत. त्यांतला एक कोलशेतचा गोमाजी कोळी. सरावाला आपल्याकडची एखादी चाल घ्यावी, असं तो एकदा म्हणाला. त्र्यंबकराव हसले.

"तुमच्या खाडीवरच्या आरडाओरड्याला काठी कशाला हवी? बोंब पुरते."

मग विलायतेहून बँडवर वाजवायच्या गतींचं छापील पुस्तक आलं. त्र्यंबकरावांनी आधी हात धुतले, मग ते उघडलं. वादकांकडून एक गत वाजवून घेतली आणि डोळे मिटून ऐकली.

"याला म्हणतात संगीत! गोमाजी, धर काठी. निदान हिची तरी अब्रू राख."

गोमाजीने कागदाकडे पाहिलंच नाही. दोन ओळी सुरेख चालवल्या, आणि तिसरीच्या शेवटी हात वर धरून सगळा बँड श्वासभर थांबवला.

त्र्यंबकरावांनी टेबलावर थाप मारली. "कागदावर इथे थांबायला कुठे सांगितलंय, गाढवा?"

"मास्तर, ह्ये आमचे होडीवरचं गानं हाय. गेल्या साली एक साहेब आमच्या आयकडून लिहून घेऊन गेला. तिथं वल्ही पान्याभायेर काढायची असतात, म्हनून थांबायचं."

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा एकदा नीट वाचली.

"मग घरी जाऊन आईला सांग," ते म्हणाले, "साहेबाने तिची चूक सुधारली आहे. यापुढे न थांबता वल्हवा."