गारूड

साप चावला की आता सगळे डॉक्टरीणबाईंकडे धावत. "बाईंच्या हातात गारूड आहे," असं कुणी म्हणालं की रावजी मांत्रिकाचा जळफळाट होई. तो शब्द त्याच्या घराण्याचा होता.

त्या दिवशी त्याच्याच बायकोला नाग डसला. मंत्र ओठांवर आला, पण तिच्या पापण्या मिटू लागताच तो तिला उचलून दवाखान्याकडे धावला.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले. बाईंनी विचारलं, "रावजीकाका, गारूड म्हणजे काय हो?"

"गरुडाला घातलेली हाक. त्यानं यावं आणि विष उतरवावं."

"मग आला का तो?"

बायकोनं बाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता. ते बघून रावजीच्या पोटात दुखलंच.

"आला," तो म्हणाला. "माझ्या हाकेला नाही, एवढंच."