चांदीच्या तोंडातला मणी

"इसका असली पत्थर किधर गया, बाजी?" कारागीर नोमाननं चांदीचा मुखवटा दिव्याखाली धरून विचारलं.

"गिर गया कहीं," प्रमिला म्हणाली. धडधडीत खोटं. पडतोय कसला डोंबलाचा! तिनंच तो सेफ्टीपिननं उचकटून काढला होता, आणि आत्ता तो तिच्या शेजारी बसलेल्या लेकीच्या, आभाच्या, करंगळीत अंगठी होऊन बसला होता.

आखाती शहरातल्या, रास अल खोर भागातल्या त्या छोट्या दागिन्यांच्या वर्कशॉपात एसी जोरात होता, तरी प्रमिलाला घाम फुटला होता. मुखवटा गळ्यात घालायचा, सुपारीपेक्षा जरा मोठा. जुनी काळवंडलेली चांदी, डोळे मिटलेले, तोंड आ वासलेलं. त्या तोंडात जेडचा हिरवा मणी असायचा. तिचे यजमान सुरेश एकदा ऑफिसच्या कामानं मेक्सिकोला गेले होते, तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी हौसेनं आणला होता. "तिकडचा मेलेल्यांचा देव आहे," म्हणाले. "असलं भेसूर ध्यान मी गळ्यात घालू?" म्हणून प्रमिलानं तो कपाटात टाकला तो टाकलाच.

मग करोनात सुरेश गेले. हॉस्पिटलात कुणाला आत सोडलं नाही. ना तोंडात तुळशीचं पान, ना गंगेच्या पाण्याचा थेंब. नवरा तसाच कोरडा गेला, हे प्रमिलाच्या मनातून कधी गेलं नाही.

आणि यंदा आभाची नोकरी गेली. पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर पत्रिका बघितली. "बुध बिघडलाय, करंगळीत हिरवा खडा घाला," म्हणाले. खरा पाचू परवडणारा नव्हता. प्रमिलाला कपाटातलं ध्यान आठवलं. हिरवा तो हिरवा! आभा आधी हसली होती, "आई, सीरियसली?" पण अंगठी घातल्यापासून इंटरव्ह्यूचे तीन कॉल आले, आणि आता बाईसाहेब ती आंघोळीलासुद्धा काढत नव्हत्या. शेवटचा राउंड आज चार वाजता. जमलं तर जमलं, नाहीतर सतरा दिवसांनी व्हिसा खलास, आणि इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटमधलं सगळं बिऱ्हाड गुंडाळून मायदेशी परतायचं.

एवढंच असतं तर प्रमिला इथं आलीच नसती. पण मणी काढला त्या दिवसापासून तिला स्वप्नात सुरेश दिसायला लागले. पलंगाच्या पायथ्याशी उभे. बोलत नाहीत, काही मागत नाहीत. नुसतं तोंड उघडं. हे सांगायचं तरी कुणाला? या मुखवट्याचं तोंड भरलं की ते थांबेल, एवढं मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"कोई भी हरा पत्थर बिठा दो," ती म्हणाली.

नोमाननं नकारार्थी मान हलवली. मागे एका मेक्सिकन मॅडमचा असाच दागिना त्यानं दुरुस्त केला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं.

"पुराने जमाने में उधर के लोग ऐसा पत्थर मुर्दे के मुंह में रखते थे, बाजी. दिल की जगह. आगे का सफर लंबा होता है ना." मग त्यानं आभाच्या करंगळीकडे एकदाच बघितलं आणि नजर खाली घातली. "मुंह से निकालना नहीं चाहिए था."

प्रमिलानं मुखवट्याच्या रिकाम्या तोंडाकडे बघितलं. म्हणजे आपण त्यांच्या तोंडात काही घातलं नाही ते नाहीच, वर होतं तेही काढून घेतलं!

घड्याळात पावणेतीन झाले होते. एकीकडे गेलेला नवरा, एकीकडे हातातोंडाशी आलेली पोरीची नोकरी. गेलेल्याला थांब म्हणता येतं, व्हिसाला म्हणता येत नाही. "कांच का बिठाओ, खलास," ती नोमानला म्हणाली. आणि मनात म्हणाली, अहो, एवढं चार वाजेपर्यंत दम धरा, तुमच्या पाया पडते.

"आई." आभानं मोबाइल पालथा ठेवला. पोरगी इथंच वाढलेली, आईनं मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देणारी. आत्ता मात्र ती हळूच मराठीत म्हणाली, "बाबा मलापण दिसतात."

"कधीपासून गं?"

"अंगठी घातली तेव्हापासून. तोंड उघडं असतं. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

तिनं करंगळी पिळून पिळून अंगठी काढली आणि नोमानच्या पुढ्यात ठेवली. बोटावर पांढरा वळ उठला होता.

"अगं, पण इंटरव्ह्यू?"

"इन्शाल्ला," आभा म्हणाली.

नोमाननं अंगठीतून मणी सोडवला आणि मुखवट्याच्या तोंडात दाबला. खट्ट आवाज झाला आणि तो जागच्या जागी बसला.

प्रमिलानं पिशवीतली पाण्याची बाटली काढली. तुळस बाल्कनीत होती, गंगेचं पाणी देव्हाऱ्यात, आणि आता घरी जाईपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. तिनं बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं. आभानं, पूजेला लावतात तसा, आईच्या हाताला हात लावला.

"घ्या हो," प्रमिला म्हणाली. "फार उशीर केला मी." आणि तिनं झाकणभर पाणी त्या चांदीच्या ओठांवर सोडलं.

मणी घट्ट बसलेला. तोंडात थेंबाला जागा नव्हती. पाणी सगळं खाली सांडणार म्हणून नोमाननं लगबगीनं फडकं घेतलं आणि मुखवटा उचलला.

टेबल कोरडं होतं.