सोमवारची सुटी

दिनांक १० डिसेंबर १९९७ रोजी वडसा येथील उमाजींच्या भातगिरणीत कारखाना निरीक्षकांनी हजेरीपट तपासला. साप्ताहिक सुटीच्या रविवारी बाराही मजूर कामावर होते. खटला झाल्यास गिरणीला कुलूप लागणार होते. “सुटी सोमवारी देली, साहेब,” उमाजी म्हणाले. “का?” मजूर चंदाबाई पुढे आली. “रविवारी रातभर नाटक होतं. जागलेल्या माणसाले गिरणीच्या पट्ट्याजवळ उभं केलं तं हात जाते. तुमचा लावून पाहा!” निरीक्षक हसले नाहीत. “सुटी बदलता येते. पण आमच्या कार्यालयाला आधी लेखी कळवावं लागतं.” उमाजींनी भिंतीवरचा कागद सोडवून दिला. एका बाजूला त्याच नाटकाची जाहिरात होती. दुसऱ्या बाजूला सुटीबदलाची सूचना आणि तिच्याखाली निरीक्षकांच्याच कार्यालयाचा, त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारचा शिक्का. उमाजी पोत्यावर टेकले. निरीक्षकांनी तारीख दोनदा वाचली. “कायदा पाळला आहे. खटला नाही.”