जन्मतारीख नसलेले

फैझलने हॉस्पिटलसाठी जावामध्ये प्रोग्राम लिहिला: डॉक्टरांसाठी थांबलेल्या पेशंटची यादी वयाने लावायची, सर्वांत वयस्कर आधी. कुणाची जन्मतारीख रिकामी असली की तो बंद पडायचा.

"मग अशांना शेवटी टाक ना," टीममधली ऋचा म्हणाली. "आजकाल जन्मतारीख नसते कुणाला?"

त्याने एका ओळीत त्यांना शेवटी टाकलं. साहेबांनी पाठ थोपटली, झालं.

उन्हाळ्यात अम्मीला धाप लागली. थोरली बहीण शबनम तिला येरवड्याहून रिक्षाने त्याच हॉस्पिटलात घेऊन गेली.

"आजी, जन्मतारीख?"

"पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी रांगत होते, बाई."

"तारीख सांगा, इतिहास नको." काउंटरवरच्या बाईंनी रकाना रिकामाच सोडला. नंतर आलेली विशीतली पोरंसुद्धा सर्दी-खोकला घेऊन अम्मीच्या आधी आत गेली.

फैझल पोहोचला तेव्हा बाकावरच अम्मीचा श्वास थांबला होता.

"आम्ही काय करणार? कॉम्प्युटर लावतो तोच नंबर," बाई म्हणाल्या.

शबनमने काउंटरवर हात आपटला. "हे लिहिणाऱ्याला आई आहे की नाही?"



"होती, आपा," फैझल म्हणाला.