मध्यावधीचा अंदाज

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शेजारचं मतदान केंद्र यंदा बंद केल्यामुळे दोन वस्त्यांची रांग चर्चला वळसा घालून पार रस्त्यावर आली होती. व्हर्लीनबाई सकाळपासून थंडीत उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या ओबेडने मोबाइलवर बातम्या लावल्या. मध्यावधी निवडणुकीचा अंदाज सांगणारा विश्लेषक हसत म्हणाला, "मिलवॉकीच्या या वस्त्यांत मतदान जेमतेमच होणार. तिथल्या लोकांना कशाचं काही पडलेलंच नसतं. निकाल लागल्यात जमा आहे."

ओबेडने मोबाइल खिशात टाकला. "चला, घरी जाऊ. उगाच पाय कशाला मोडून घ्यायचे?" त्याच्या मागोमाग आणखी चौघं निघाले.

"खबरदार कोणी रांग सोडली तर!" व्हर्लीनबाई कडाडल्या. "त्या मेल्याच्या जिभेला काही हाड?"

"अहो मावशी, एवढा शिकलेला माणूस टीव्हीवर सांगतोय. आपल्यापेक्षा त्याला जास्त कळत असेल ना?" ओबेड म्हणाला.

"डोंबल कळतंय!" बाई खेकसल्या. निघालेले जागच्या जागी थबकले. "याच चर्चच्या दारात त्याला कडेवर घेऊन मी मत द्यायला ताटकळायचे. माझाच पोरगा आहे तो!"