सत्यजीतने न दाबलेलं बटण

“लपूनछपून मी हे चालू करणार नाही, शेठ,” सत्यजीत म्हणाला.

सुनीता चहा घेऊन केबिनमध्ये शिरली, तेव्हा दोघंही संगणकाच्या पडद्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

हरेश शेठचे ट्रेलर बंदरातून कंटेनर उचलत. मागच्या महिन्यात पनवेलच्या ऑफिसात एका ई-मेलमधून व्हायरस शिरला आणि दोन दिवस एकही गाडी हलली नाही. म्हणून कामोठ्याच्या सत्यजीतकडून नवं अँटिव्हायरस घेतलं होतं. त्यात एक जास्तीची सोय होती. बटण दाबलं की दर पाच मिनिटांनी प्रत्येकाच्या पडद्याचा फोटो शेठच्या मोबाइलवर.

“संगणक माझे, ऑफिस माझं. मग कोण काय करतंय ते मला नको कळायला?”

“कळू दे की. आधी सगळ्यांना सांगा, कागदावर सह्या घ्या. आत्ता चालू करतो.”

“सांगून ठेवल्यावर कोण सापडंल रं? येडा हाय का तू?” शेठ हसला. “हे चालू झालं ना, तर एखाद-दुसरं माणूस कमी करता येईल मला.”

बोलता बोलता त्याची नजर सुनीतावर गेली आणि तिथून चहावर आली. तिने कप ठेवला आणि बाहेर पडली. त्या बटणापायी आपली नोकरी जाणार, हे तिला कोणी वेगळं सांगायला नको होतं.

नवऱ्याचा तळोज्यातला कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. घर तिच्यावर चालत होतं. ऑफिसात तिच्याकडे हजेरी, कुरिअर आणि चहापाणी, एवढंच. निम्मा दिवस तिची खुर्ची रिकामी असे, कारण ती कुणाच्या तरी टेबलापाशी उभी असे. प्रितमचं लग्न जमत नव्हतं, ड्रायव्हरांची नोंद ठेवणाऱ्या धर्मराजची सासूशी कुरबुर चालली होती. सुनीताताईंना सांगितल्याशिवाय कुणाला जेवण जात नसे. तिच्या स्वतःच्या पडद्याच्या फोटोत मात्र यातलं काहीच दिसलं नसतं.

शेठने शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. “चालू करणार असशील तर भावाच्या उलव्याच्या ऑफिसचं कामही तुलाच. नाय तर दुसरे बरेच हायत.”

“असतील,” सत्यजीत म्हणाला आणि राहिलेल्या संगणकांकडे वळला.

पुढचे तीन दिवस सुनीता त्याला बघत राहिली. एवढा सरळ माणूस तिने ऑफिसात पाहिला नव्हता. समोरचा पासवर्ड टाकायला लागला की तो मान वळवून खिडकीबाहेर बघायचा. बसण्याआधी विचारायचा, “तुमचं काही उघडं आहे का? बंद करून घ्या.” प्रितम एकदा म्हणाला, “अरे, माझं काय बघण्यासारखं आहे? लग्नाच्या साइटवर तीनशे नकार आहेत!” तरी याने मान फिरवलीच.

गुरुवारी बिलं करणाऱ्या पूर्वी नावाच्या मुलीच्या संगणकावर लाल चौकट आली. एक फाइल संशयास्पद होती. पूर्वीचा चेहरा उतरला.

“मी उघडत नाही,” सत्यजीत लगेच म्हणाला. “पण एक सांगतो. असं काही सापडलं की हे सॉफ्टवेअर ती फाइल तपासायला ते बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवतं. ते मी बंद केलंय. तुमची फाइल तुम्हीच काढून टाका.”

तो उठून पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभा राहिला. पूर्वीने हाक मारेपर्यंत तिकडेच.

दुपारी डबा खाताना पूर्वी सुनीताजवळ सरकली. “ताई, दवाखान्याचा रिपोर्ट होता तो. तिसरा महिना आहे. पगारवाढ होईपर्यंत मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.”

“खा आधी,” सुनीताने आपल्या डब्यातली भाकरी तिला वाढली. “किती वाळलीस गं!”

“तो माणूस देवासारखा आहे नाही?”

“आहेच,” सुनीता म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं.

शुक्रवारी सत्यजीत शेठसमोर उभा राहिला. नकाराचा कागद टाइप करूनच आणला होता. सुनीता फायली द्यायला गेली होती, ती तिथेच थांबली.

“शेठ, मी बोलू?”

“बोला ताई.”

“तुमची जमीन विमानतळात गेली, त्याचे सगळे कागद याच संगणकात आहेत. तुमच्यासाठी जो दुसऱ्याचं चोरून बघत नाही, तो उद्या दुसऱ्यासाठी तुमचंही बघणार नाही. असा माणूस घालवायचा का?”

शेठने टेबलावर बोटं वाजवली. मग त्याने तो कागद न वाचताच फाडला.

“ऱ्हाव दे ते बटण. सोमवारी उलव्याला जा. भावाला सांगून ठेवतो.”

बातमी बाहेर पोचायला मिनिटही लागलं नाही. प्रितमने शिट्टी मारली. पूर्वीने सुनीताला मिठीच मारली. सत्यजीत जाता जाता तिच्यापाशी थांबला.

“ताई, तुम्ही बोलला नसता तर गेलो होतो मी.”

“मी कसली बोलतेय! तू ठाम राहिलास म्हणून झालं. असाच राहा बाबा.”

तिचे डोळे भरून आले होते. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला नीट श्वास घेता आला.

साडेपाचला ती चहा घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेली. शेठने मोबाइल पालथा ठेवला.

“जिंकलात ताई. मशीन नाय तर नाय, तुमी हायच. सांगा, या हप्त्यात कोण काय बोललं?”

सुनीताने दार लावून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि दर शुक्रवारप्रमाणे प्रितमपासून सुरुवात केली.